मापाचं ब्लाउज

गेले आठ महिने मी शिवण शिकतेय. ही बातमी नात्यात पसरली तेव्हा दोन प्रकारच्या प्रतिक्रिया आल्या. वडीलधारी मंडळी म्हणाली, "अगं, आता सगळं रेडिमेड मिळतं की!" आणि बरोबरीच्या म्हणाल्या, "वा, मग आमचे ब्लाउज आता तुझ्याकडे!" दोघींनाही फोनवर नीट उत्तर देता आलं नाही, म्हणून इथे लिहितेय. जरा लांबेल. चहा घेऊन बसा.

क्लासमध्ये पहिले तीन आठवडे बाईंनी आम्हाला मशीनला हात लावू दिला नाही. खाकी कागद, पट्टी, पेन्सिल आणि इंची टेप, एवढंच सामान. कागदावर चौकोन आखायचे, त्यावर खुणा करायच्या, खुणांवरून मुंढ्याचं वळण काढायचं, की परत नवीन कागद. मला तर पायडल मारायची कोण घाई! बाई शांतपणे म्हणाल्या, "टीप काय, कुणीही मारेल. बेतता आलं पाहिजे."

हे वाक्य डोक्यात बसलं ते बसलंच. 'कापड बेतणं' म्हणजे माप घेऊन, आखून, मग कापणं. आपण सुट्टीचा बेत करतो, जेवणाचा बेत करतो, त्याच घरातला हा शब्द. शिवणाचा इतिहास म्हटला की सगळे मशीनबद्दल बोलतात. मीही मशीनबद्दलच वाचायला बसले होते. पण वाचता वाचता वाटायला लागलं की खरी गोष्ट सुईची नाही, कात्रीची आहे. शिवणारे हात आणि बेतणारे हात बहुतेक वेळा वेगळे होते, आणि मान, पैसा आणि ठरवायचा हक्क कायम कात्रीच्या बाजूला होता.

सुरुवात जरा लांबून करते. आपल्याकडे शिवलेले कपडे बाहेरून आले, आधी सगळे नुसतं गुंडाळायचे, असं आपण ऐकलेलं असतं. ते तितकंसं खरं नाही. मोहेंजोदडो-हडप्पाच्या उत्खननात धातूच्या सुया सापडल्या आहेत. 'सुई' हा शब्दच संस्कृत 'सूची'वरून आलेला, 'शिवणं' हे 'सिव्' धातूवरून. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात महाजनक जातकाच्या चित्रात एक नर्तकी आहे. पुढच्या वेळी गेलात तर तिच्या लांब बाह्या बघा. असली बाही गुंडाळून होत नाही, शिवावीच लागते. हे चित्र साधारण पाचव्या शतकातलं.

पण मान मात्र न शिवलेल्या कापडाला. साडी, धोतर, उपरणं, सोवळं. पूजेला बसायचं तर सदरा काढून बसायचं. मराठीत 'शिवणं' म्हणजे टाके घालणं आणि 'शिवणं' म्हणजे स्पर्श करणं. शब्द दोन, उच्चार एक. आणि दोन्ही सोवळ्यात चालत नाहीत! नामदेवांसारखा संत शिंप्याच्या घरात जन्मला, म्हणजे तेराव्या शतकात हा धंदा इथे चांगला रुळलेला होता.

आता हे जुने शिवलेले कपडे कसे बेतायचे ते बघा. मला हा भाग फार आवडला. झबलं, बंडी, परकर, सदरा, कळीदार कुर्ता... सगळे चौकोन आणि त्रिकोण. अंगाला एक सरळ तुकडा, बाहीला एक सरळ तुकडा, घेर हवा तर बाजूला कळ्या, हात वर करता यावा म्हणून काखेत एक छोटा चौकोनी तुकडा. वळण जवळजवळ नाहीच. मागावर कापडाचा जो पन्हा निघेल त्याप्रमाणे कपडा बेतायचा, म्हणजे वाया काही जात नाही. जे उरेल ते गोधडीत.

खणाची चोळी तर या हिशेबाचा कळस. गुळेदगुड्डचा खण मुळात चोळीसाठीच विणलेला, दोन्ही बाजूंना काठ. ते काठ बाहीच्या टोकाला येतील असा तुकडा लावायचा. आणि पुढे हुक नाही, बटण नाही, फक्त गाठ. गाठ हेच तिचं माप. अंग भरलं, गाठ सैल. वाळलं, गाठ घट्ट. गरोदरपणी, मूल अंगावर पीत असताना, म्हातारपणी, तीच चोळी. अशा चोळ्या आणि झबली-टोपडी कितीतरी घरांत बायका हातानंच शिवत. माप वितीनं आणि बोटांनी. म्हणजे त्या नुसत्या शिवत नव्हत्या, बेततही होत्या. फक्त त्याला कुणी विद्या म्हणत नव्हतं.

मग आलं ब्लाउज. याची मुंबईशी जोडलेली एक गोष्ट आहे. सत्येंद्रनाथ टागोर हे आयसीएस झालेले पहिले भारतीय. त्यांची नेमणूक मुंबई इलाख्यात झाली आणि १८६४ साली त्यांच्या पत्नी ज्ञानदानंदिनी देवी मुंबईत आल्या. इथल्या पारशी बायकांचं साडी नेसणं त्यांनी पाहिलं, त्यात फेरफार केले आणि आत ब्लाउज, परकर घालून साडी नेसायची ही पद्धत बंगालात नेली. हळूहळू ब्लाउज सगळीकडेच पसरलं. पण ब्लाउज ही चोळीची नुसती सुधारलेली आवृत्ती नव्हे. त्याला टक्स आहेत, गोल मुंढा आहे, हुक आहेत. गाठ सैल करता येते, हुक नाही. वळणाचा कपडा आला आणि त्याच्याबरोबर माप आलं, मापाबरोबर शिंपी.

ही वळणाची विद्या युरोपातून आली. पूर्वी तिथले शिंपी गिऱ्हाईक आलं की कागदाची एक लांब पट्टी घेत. छाती इथपर्यंत, बाही इथपर्यंत, अशा त्या पट्टीला कडेनं खाचा पाडत. पट्टीवर आकडे नाहीतच, फक्त खाचा. म्हणजे प्रत्येक माणसाची स्वतःची पट्टी! एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंचांची टेप रुळली आणि सगळं बदललं. आकडे मिळाल्याबरोबर सूत्रं आली. छाती एवढी, तर पाठ एवढी असणार, मुंढा एवढा असणार. आमच्या क्लासमध्ये आम्ही जे घोकतो, "छातीचा चौथा भाग अधिक दीड इंच", ते त्या सूत्रांचंच वंशज. आम्ही वहीत उतरवून घेतो तेव्हा आपण दोनशे वर्षांपूर्वीच्या शिंप्यांचं गणित लिहितोय हे कुणाच्या गावीही नसतं.

या सूत्रांत सोय होती, तशी एक मेखही होती. पट्टीवर एक खरा माणूस होता. सूत्रात मात्र सरासरीचा, दोन्ही बाजू सारख्या असलेला माणूस बसवलेला होता. याकडे परत येते.

आता मशीन, कारण त्याशिवाय तुम्ही सोडणार नाही. फ्रान्सच्या बार्तेलेमी तिमोनिए या शिंप्यानं १८३० मध्ये शिवणयंत्राचं पेटंट घेतलं आणि पॅरिसमध्ये ऐंशी मशीन लावून सैन्याचे गणवेश शिवायला घेतले. १८३१ मध्ये पोट जाण्याच्या भीतीनं शिंप्यांच्या जमावानं ती मशीन फोडली. पुढे अमेरिकेत इलायस हाउनं १८४६ मध्ये आणि आयझॅक सिंगरनं १८५१ मध्ये पेटंट घेतलं. सिंगरचं मशीन तेव्हा शंभर डॉलरच्या घरात होतं, आणि सामान्य अमेरिकन कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न पाचशेच्या आसपास. मग सिंगरचा भागीदार एडवर्ड क्लार्क यानं १८५६ मध्ये हप्त्यांची युक्ती काढली. आज आपण फ्रिजपासून फोनपर्यंत सगळं ज्या हप्त्यांवर घेतो, ते घराघरात रुळवण्यात शिवणयंत्राचा मोठा वाटा आहे.

या यंत्रानं किती वेळ वाचला? व्हीलर अँड विल्सन या कंपनीनं १८६० च्या सुमारास आकडे छापले होते. पुरुषाचा एक शर्ट हातानं शिवायला १४ तास २६ मिनिटं, मशीनवर १ तास १६ मिनिटं. आकडे विकणाऱ्यानंच दिलेले, तेव्हा थोडं मीठ बाजूला काढून ठेवा. तरी फरक प्रचंडच.

यात एक गमतीचा किस्सा आहे. यंत्रांबद्दल साशंक असलेल्या गांधीजींनी १९२४ मधल्या एका संभाषणात शिवणयंत्राला मात्र अपवाद केला. बायकोचे शिवता शिवता होणारे कष्ट सिंगरला बघवेनात, म्हणून प्रेमापोटी त्यानं यंत्र काढलं, अशी त्यांची समजूत होती. प्रत्यक्षात सिंगरसाहेब नाटक कंपनीत वणवण केलेले नट. एकाच वेळी तीन-चार घरं सांभाळणारे आणि वीसहून जास्त मुलांचे बाप! प्रेम होतं खरं, पण ते जरा जास्तच ठिकाणी वाटलेलं होतं. असो. यंत्रामागची कथा चुकली तरी गांधीजींचा मुद्दा चुकला नव्हता. हे यंत्र घरात मावतं, एका माणसाला चालवता येतं आणि त्याच्या हातचं काम काढून न घेता हलकं करतं.

सिंगरची मशीन एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भारतात आली. पटेल नावाच्या एका पारशी गृहस्थांनी वर्षानुवर्षं तो व्यवहार सांभाळला. पण इथे मशीन घेतलं ते मुख्यतः शिंप्यांनी, गृहिणींनी नव्हे. दुकानाच्या ओट्यावर मशीन, समोर रस्ता, हे चित्र तेव्हापासूनचं. १९३० च्या दशकात कलकत्त्याला 'उषा' बनायला लागली आणि स्वातंत्र्यानंतर मशीन मध्यमवर्गीय घरांत शिरलं. कितीतरी मुलींच्या लग्नाच्या रुखवतात, आंदणात ते असायचं.

मशीन विकत घेता येतं. बेतणं विकत घेता येत नाही. अमेरिकेत ही अडचण सोडवली एबेनेझर बटरिक या शिंप्यानं. १८६३ मध्ये त्यानं वेगवेगळ्या मापांचे कापलेले कागदी नमुने विकायला काढले. कागद कापडावर ठेवा, टाचण्या लावा, कडेनं कापा. शिंप्याचं गुपित टपालानं घरोघरी गेलं. मला हा शोध मशीनइतकाच मोठा वाटतो.

आपल्याकडे ते काम कागदी पाकिटांनी फारसं केलं नाही. केलं ते शिवणवर्गांनी. आणि ते वर्ग मुळात हौसेसाठी नव्हतेच. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं, रमाबाई रानड्यांच्या पुढाकारानं १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन उभं राहिलं. अशा संस्थांत लिहिण्या-वाचण्याबरोबर शिवणही आलं. का, ते उघड आहे. ज्या विधवेला घराबाहेर पाऊल टाकायची चोरी, तिला चार भिंतींच्या आत बसून दोन पैसे मिळवून देणारं हे काम होतं. कुणी नावं ठेवू शकत नव्हतं. आज आपल्याला ते बायकी, जुनाट वाटतं. सुरुवातीला मलाही 'शिवण म्हणजे बायकांना गप्प बसवायची सोय' असं वाटायचं. पण तिथे त्यांच्या हातात सुईबरोबर कात्री दिली गेली, ही गोष्ट मी आता विसरू शकत नाही. सुई दिली तर बाई दुसऱ्यासाठी शिवते. कात्री दिली तर स्वतःचं गिऱ्हाईक घेते.

आमच्या आईची शिवणाच्या क्लासची वही आहे, १९७१ सालची. जाड पुठ्ठ्याची. प्रत्येक पानावर खाकी कागदाचा वीतभर फ्रॉक, वीतभर पोलकं, बोटभर बाही चिकटवलेली. शेजारी निळ्या शाईत मापं. कागद पिवळा पडलाय, डिंक सुटलाय, पण एक रेघ हललेली नाही. तुमच्यापैकी कितीजणींच्या घरी अशी वही असेल! माळ्यावर असली तर कृपा करून रद्दीत घालू नका.

आता येते शीर्षकावर. लेडीज टेलरकडे आपण जातो तेव्हा तो विचारतो, "मापाचं ब्लाउज आणलंय का?" आपण पिशवीतून जुनं, नीट बसणारं ब्लाउज काढून देतो. ते तो टेबलावर पसरतो आणि त्याचं माप घेतो. आपलं नाही, ब्लाउजचं. परपुरुषानं अंगाला टेप लावू नये, या संकोचातून निघालेली ही तोड. चांगली आहे, कुणालाच अवघड होत नाही. पण विचार करा. ते मापाचं ब्लाउज कशावरून बेतलं होतं? त्याआधीच्या मापाच्या ब्लाउजवरून. आणि ते? माझ्या एका मावशीचं मापाचं ब्लाउज तिच्या पहिल्या बाळंतपणाआधीचं होतं. पुढची कित्येक वर्षं तिचे सगळे ब्लाउज त्याच बाईच्या मापानं शिवले गेले, जी आता नव्हतीच. "वाढवून द्या थोडं," एवढं ती म्हणायची. तिच्या अंगाला टेप कधी लागलीच नाही.

आणि रेडिमेड? तिथेही तेच, फक्त मोठ्या प्रमाणावर. पुरुषांच्या कपड्यांच्या साइझ अमेरिकन यादवी युद्धात सैनिकांच्या गणवेशांमुळे रुळल्या. बायकांसाठी अमेरिकन सरकारनं १९३९-४० मध्ये जवळजवळ पंधरा हजार बायकांची प्रत्येकी ५९ मापं घेतली. त्यातल्या गोऱ्या नसलेल्या बायकांची मापं शेवटच्या हिशेबातून वगळली. या पाहणीच्या आधारे १९५८ मध्ये प्रमाण साइझ ठरवल्या गेल्या. १९८३ मध्ये ते प्रमाणही मागे घेतलं गेलं. आपल्याकडे मात्र दुकानांतल्या साइझ बराच काळ परदेशी तक्त्यांवरून बेतलेल्या होत्या. भारतीय अंगांची मापं घेण्याचा 'इंडियासाइझ' प्रकल्प निफ्टनं जाहीर केला तो २०१८ मध्ये. सहा शहरं, पंचवीस हजार माणसं.

हे सगळं मी इतक्या जिव्हाळ्यानं का लिहितेय, तर माझा डावा खांदा उजव्यापेक्षा पाऊण इंच खाली आहे. कणा थोडा वाकडा, लहानपणापासून. गळा एका बाजूला घसरतो, बाही एका बाजूला ओढते. शाळेचा गणवेश, कॉलेजचे कुर्ते, लग्नातलं ब्लाउज, सगळ्यांची हीच तऱ्हा. दुकानात, घरात, शिंप्याकडे एकच वाक्य ऐकलं, "हिच्या अंगाला काही नीट बसतच नाही." वाक्याची रचना बघा. दोष कपड्याचा नाही, अंगाचा. पंचवीस-तीस वर्षं ऐकल्यावर आपणही तसंच म्हणायला लागतो.

क्लासच्या चौथ्या आठवड्यात बाईंनी माझी मापं घेतली. खांद्याशी थांबल्या, परत टेप लावली आणि वहीत शांतपणे दोन आकडे लिहिले. डावा, उजवा. म्हणाल्या, "तुझे दोन भाग वेगळे बेतायचे." बस, एवढंच. सहानुभूती नाही, काही नाही. फक्त दोन आकडे. घरी येऊन मी ते पान कितीतरी वेळ बघत बसले होते. छातीच्या चौथ्या भागाच्या सूत्रात मी बसत नव्हते, तर बाईंनी सूत्र बाजूला ठेवलं. जुन्या शिंप्याची कागदी पट्टीच की ती, माझ्या एकटीच्या खाचांची!

आणखी एक गोष्ट शिवायला लागल्यावरच कळते. एका कुर्त्याला किती वेळ लागतो ते. सुताचं यंत्र, विणायचं यंत्र माणसाशिवाय पुष्कळ काही करतं, पण कपडा शिवताना सुईखाली कापड सरकवायला बहुतेक सगळीकडे अजूनही माणसाचा हात लागतो. तीनशे रुपयांना मिळणाऱ्या कुर्त्यामागेही कुणाचा तरी हात असतोच. ढाक्याजवळ राणा प्लाझाची इमारत २४ एप्रिल २०१३ रोजी कोसळली, ११३४ माणसं गेली. त्यात शिवणाऱ्या बायका खूप होत्या. त्यांना सुई दिली होती, कात्री नव्हती. कापण्याचा विभाग वेगळा, नमुने काढणारे वेगळे, साइझ आणि किंमत ठरवणारे तर भलत्याच देशात. आपल्या नाक्यावरच्या टेलरकडेही पुढे 'मास्टर' कापतो आणि मागे कारागीर नगावर शिवतो. अंतर लहानमोठं, रीत तीच.

माझं शिवणं ही हौस आहे, हे मला माहीत आहे. सेवासदनातल्या एखादीला ते पोटासाठी होतं, आईला काटकसरीसाठी, मला आनंदासाठी. माझे दोन कुर्ते शिवून जगाची रीत बदलत नाही. पण "रेडिमेड मिळतं की" याचं उत्तर आता माझ्याकडे आहे. रेडिमेड मिळतं, पण ते कुणाच्या तरी मापाचं मिळतं.

आणि दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर, ब्लाउज शिवून देईन का? देईन. टक्स अजून शिकतेय, तेव्हा घाई नको. मावशी, तुझ्यापासून सुरुवात करू. टेप घेऊन रविवारी येते. मापाचं ब्लाउज मात्र शोधत बसू नकोस, ते मला नकोय. माया भरपूर ठेवीन, म्हणजे पुढे लागलं तर उसवून वाढवता येईल.